पाटाच्या रस्त्यावर डबलसीट

"आधी गाडी उचल," कुणीतरी म्हणालं, आणि जोएल उजागरेने खरोखरच आधी गाडी उचलली. मग मला.

राहुरीतल्या आमच्या चर्चच्या आवारात, भर दुपारी, मी एका कापडी फलकाखाली आडवी पडले होते. फलक मीच रंगवलेला होता. 'तरुणांनो या, मनातलं बोलू या' असं त्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं. दोन बांबूंच्या आधाराने तो कित्येक महिने ताठ उभा होता आणि तेवढ्या महिन्यांत एकही तरुण मनातलं बोलायला त्याच्या आसपास फिरकला नव्हता. आज माझ्या स्कूटरने त्यातला एक बांबू मुळासकट उपटला होता, आणि आवाराच्या भिंतीवर बसलेली पोरं पोट धरून हसत होती.

"लागलं का बाई?" जोएलने विचारलं.

"नाही."

"मग ठीक. तुम्ही ब्रेक दाबता, पण मूठ सोडतच नाही. गाडीला कळावं कसं, थांबायचं का पळायचं?"

जोएल दहावीत गचकून घरी बसलेला पोरगा. तरुण संघाच्या सभांना त्याची आई त्याला ढकलून पाठवायची, आणि तो मागच्या बाकावर डोळे मिटून बसायचा. प्रार्थना संपली तरी मिटलेलेच. माझ्याशी तो स्वतःहून बोललेला हा पहिलाच प्रसंग.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली. माझे यजमान रेव्हरंड शेलार तेव्हा राहुरीच्या मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचे, पाळक होते. माझ्याकडे पुण्याची ख्रिस्ती शिक्षणाची पदविका होती, म्हणून पंच कमिटीने मंडळीचा तरुण संघ माझ्या गळ्यात घातला. मी तयारीत कुठेच कमी पडले नाही, आणि तीच बहुधा अडचण होती. 'तारुण्य, एक देणगी', 'मोह आणि मी', 'आईवडिलांशी संवाद' असे विषय मी पाडले. रंगीत तक्ते केले. प्रश्नमंजूषा घेतली. मुलं यायची, "सलाम बाई" म्हणायची, आणि समोर बसून माझ्याकडे अशी बघायची की मला माझाच आवाज ऐकू येऊ लागायचा. मी विचारायचे, "कुणाला काही बोलायचंय?" कुणालाच काही बोलायचं नसायचं. सभा संपली की तीच मुलं भिंतीवर बसून अंधार पडेपर्यंत बोलत असायची.

स्कूटर माझ्या भावाची. त्याने नवी घेतली आणि जुनी मला दिली. यजमानांनी मला एका संध्याकाळी शिकवायचा प्रयत्न केला होता. त्या संध्याकाळी जेवताना आम्ही फक्त मीठ आणि पाणी मागण्यापुरतं बोललो. तेव्हापासून मी दुपारी, आवारात कुणी नसेल अशा वेळी, एकटीच प्रयत्न करत होते. भिंतीवर पोरं आहेत हे त्या दिवशी मी पाहिलंच नव्हतं.

जोएल म्हणाला, "उद्या याच वेळेला काढा गाडी. मी मागून धरतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. मागचं कॅरिअर धरून माझ्यामागे धावत होता आणि सूचना देत होता. मूठ हळू. खाली बघू नका. बाई, खाली काही नाही, पुढे बघा. भिंतीवर बसलेल्यांना ही करमणूक आवडली. पुढच्या दिवशी आणखी पोरं आली. मुलीही येऊ लागल्या. मी वळण नीट घेतलं की टाळ्या, नाही घेतलं की शिट्ट्या. आठवड्याभरात अशी गत झाली की शनिवारच्या सभेला येत त्याच्या कितीतरी पट मुलं रोज दुपारी आवारात जमत, आणि "आज बाईंचा तास आहे ना?" असं एकमेकांना विचारत. तास माझाच होता, फक्त शिकत मी होते.

ही संधी सोडणं मला अर्थातच जमेना. पदविका गप्प बसू देत नव्हती. एकदा गाडी थांबवून मी मुलांना म्हटलं, बघा, ब्रेक म्हणजे संयम. आयुष्यातही असंच...

"बाई," जोएल म्हणाला, "स्टँड लावा आधी. पडेल."

गाडी पडली. त्यानंतर मी बोधपर काही बोलले नाही.

न बोलल्यावर मात्र ऐकू यायला लागलं. घामाघूम होऊन मी निंबाखाली बसले की मुलं माझ्या आजूबाजूला बसायची आणि मी तिथे नसल्यासारखी बोलायची. कुणाचा बाप पिऊन येतो, कुणाला शाळेत कोणत्या नावाने चिडवतात, कोण कुणाला चिठ्ठी देतो. जोएलला गॅरेजात काम शिकायचं होतं आणि घरी सांगायची छाती होत नव्हती. 'आईवडिलांशी संवाद' या विषयावर मी केलेला तक्ता तेव्हा चर्चच्या कपाटात गुंडाळून ठेवलेला होता.

या सगळ्यांत एक मुलगी नव्हती. सुवार्ता मकासरे.

सुवार्ता ही मंडळीची शान होती. तिचे वडील मकासरे गुरुजी शाळेत हेडमास्तर आणि पंच कमिटीचे सेक्रेटरी. आदल्या वर्षी सुवार्ताच्या आईला मेंदूज्वर झाला होता. नगरच्या मोठ्या दवाखान्यात त्या कितीतरी दिवस बेशुद्ध होत्या. मंडळीने उपास केले, साखळी प्रार्थना केली, आणि त्या बऱ्या झाल्या. डॉक्टरही म्हणाले की आम्हाला आशा नव्हती. गुरुजींनी परत आल्या आल्या उपासनेत सुवार्ताला साक्ष द्यायला उभं केलं. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. ती इतकं छान बोलली की सगळ्यांचे डोळे भरले. मग श्रीरामपूरच्या मंडळीने बोलावलं. मग बेलापूरच्या. मग महिला मेळाव्यात. शुभ्र पंजाबी ड्रेस घालून ही सोळा वर्षांची पोरगी ठिकठिकाणी उभी राहून तेच सांगत होती. माझ्या दृढीकरणाच्या वर्गातही तीच पहिली. लहानपणी आपल्यासाठी आईबापांनी केलेला विश्वासाचा करार मोठेपणी स्वतः उभं राहून पक्का करायचा, तो हा विधी. त्याची सगळी प्रश्नोत्तरी तिला तोंडपाठ होती. तरुण संघात मला आलेलं एकमेव यश म्हणजे सुवार्ता, असं मी मनात धरून चालले होते.

दृढीकरणाला बिशपसाहेब येणार होते. यजमानांनी आणि गुरुजींनी ठरवलं की विधीच्या आधी सुवार्ताची साक्ष ठेवायची.

त्याच सुमारास जोएलने जाहीर केलं की बाई आता रस्त्याला लागायला हरकत नाही. पण एकटीने चालवणं वेगळं आणि मागे माणूस बसवून चालवणं वेगळं, तेव्हा कुणीतरी मागे बसलं पाहिजे. त्याने भिंतीकडे बघितलं. भिंत एकदम गप्प झाली. जे रोज मला शिट्ट्या मारत होते ते आकाशाकडे बघू लागले.

"मी बसते," सुवार्ता म्हणाली.

ती घरून गुरुजींचा निरोप घेऊन आली होती, साक्षीला किती वेळ आहे ते विचारायला. खांद्यावरची ओढणी कमरेला बांधून ती सरळ येऊन मागे बसली. जोएलने तिला पाय कुठे ठेवायचे ते दाखवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाटाच्या रस्त्याने जा. तिकडे गर्दी नाही."

पाटाचा रस्ता कालव्याच्या कडेने जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. गर्दी नसते हे खरं, पण कारखाना चालू असला की उसाच्या बैलगाड्या असतात, आणि त्या दिवसांत कारखाना चालू होता. मी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून, मान ताठ करून चालले होते. एक गाडी समोरून आली. मी श्वास रोखून तिला वाट दिली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, मला साक्ष द्यायची नाही."

"का गं? घसा बसलाय?"

"नाही. मला खरं वाटत नाही ते."

आता एखाद्या शनिवारी माझ्यासमोर बसून तिने हे म्हटलं असतं, तर माझ्याकडे सगळी सामग्री होती. मी तिचा हात हातात घेतला असता. योग्य ते वचन काढून दिलं असतं. डोळे मिटून प्रार्थना केली असती. पण समोर आणखी एक बैलगाडी होती, तिच्या मागे ट्रॅक्टर होता, आणि माझे हात मुठीवर चिकटले होते. डोळे मिटण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"मग?" एवढंच मी म्हणाले.

आणि ती बोलू लागली. माझ्या पाठीशी बोलत होती ती. तिच्या आईच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, रेश्मा नावाची. सुवार्ताच्याच वयाची. तोच आजार, तेच डॉक्टर, तीच सलाइनं. रेश्माची आई खाटेच्या पायाशी बसून दिवसरात्र दुवा मागायची. दोन्हीकडची माणसं एकाच नळावर पाणी भरायची, एकमेकांचे डबे खायची. दोघींना थोडं बरं वाटायचं, दोघींचं बिघडायचं. मग सुवार्ताच्या आईने डोळे उघडले, आणि त्याच दिवशी दुपारी रेश्मा गेली.

"सगळे आमच्याभोवती गाणं म्हणत होते," सुवार्ता म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. "दादांनी गाणं सुरू केलं. आणि ती बाई बाजूला रेश्माचे केस विंचरत होती. आमचं गाणं संपेपर्यंत ती थांबली आणि मग रडली."

ट्रॅक्टर गेला.

"साक्षीत मी रेश्माचं नाव घेत नाही. पहिल्यांदा घेतलं होतं घरी, तर दादा म्हणाले, त्याची गरज नाही, लोकांचा गोंधळ होतो. आता मला वाटतं, मी उभी राहून सांगते ना की देवाने आमची प्रार्थना ऐकली, म्हणजे मी सांगते की त्यांची ऐकली नाही. का ऐकली नाही, बाई? त्यांनी कमी केली होती का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

मला वाटलं, संपलं. आपण या पोरीला गमावलं. थोड्या वेळाने माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. ती कपाळ टेकून रडत होती. मी तशीच चालवत राहिले, कारण थांबवायचं म्हणजे स्टँड लावायचं, आणि ते मला अजून नीट जमत नव्हतं.

त्यानंतर ती रोज मागे बसू लागली. मुलांना वाटलं, सुवार्ता धाडसी आहे. गुरुजींना वाटलं, मी तिची साक्षीची तयारी करून घेते आहे, आणि त्यांनी यजमानांपाशी माझं कौतुक केलं. पाटाच्या रस्त्यावर ती विचारायची आणि मी बहुतेक वेळा "माहीत नाही" म्हणायचे. कधी मला जे वाटतं ते सांगायचे. एकदा मी तिला सांगितलं की माझं पहिलं मूल जन्मतःच गेलं, आणि त्या वर्षी मी चर्चमध्ये ओठ हलवत होते, पण गाणं म्हणत नव्हते. हे मी यजमानांनाही कधी सांगितलेलं नव्हतं. ती फक्त "हं" म्हणाली. मला फार बरं वाटलं.

बिशपसाहेब यायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मी काय करू ते तुम्ही सांगा."

"उभी राहिलीस तर खरं बोल. नाही उभी राहिलीस तरी चालेल. खोटं बोल असं मी सांगणार नाही."

"दादांचं काय?"

"दादांना वाईट वाटेल."

"आणि पाळकसाहेबांचं?"

यजमानांच्या बदलीचा विषय त्या वेळी वर चालू होता आणि त्यांना नगरची मंडळी हवी होती. बिशपसाहेबांवर चांगली छाप पडावी म्हणून त्यांनी चर्चला आतून चुना लावून घेतला होता. मी म्हणाले, "त्यांनाही वाटेल. ते मी बघते."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बिशपसाहेब म्हातारे, बुटके, एका कानाने कमी ऐकणारे. त्यांना पुढे मोठ्या खुर्चीत बसवलं होतं. गुरुजींनी स्वतः सुवार्ताचं नाव पुकारलं आणि ही आमच्या मंडळीची जिवंत साक्ष आहे असं सांगितलं.

ती उठली. नेहमीचाच शुभ्र ड्रेस. तिने आईचा आजार सांगितला, उपास सांगितले, डोळे उघडलेले सांगितले. मंडळी नेहमीसारखी डोळे पुसायला तयार झाली.

"शेजारच्या खाटेवर रेश्मा होती," ती म्हणाली. "माझ्याएवढी. तिच्या आईनेही आमच्याइतकीच प्रार्थना केली. रेश्मा वाचली नाही. आम्ही गाणं म्हणत होतो तेव्हा ती गेलेली होती. माझी आई वाचली याचा मला आनंद आहे. पण हे असं का, ते मला समजत नाही, आणि समजतं असं सांगून मी आज दृढीकरण घेऊ शकत नाही."

आणि ती जागेवर येऊन बसली.

गुरुजी उभे होते ते उभेच राहिले. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्यात काहीतरी माहीत होतं हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. मागच्या बाकावर जोएलचे डोळे मिटलेले नव्हते.

बिशपसाहेब खुर्चीतून पुढे झुकले. "आमेन," ते प्रसन्नपणे म्हणाले. "फार सुंदर साक्ष. तरुणांनी अशाच साक्षी द्याव्यात. आता विधीला सुरुवात करू या."

सगळ्या चर्चने एकदम श्वास सोडला. बिशपसाहेबांना ऐकूच आलं नव्हतं. एका पंचाने दुसऱ्याला कोपराने खुणावलं. विधी पार पडला. सुवार्ता बसून राहिली, आणि एखादी मुलगी कमी आहे हे बिशपसाहेबांच्या लक्षात येऊ नये म्हणून बाकीच्यांना थोडं लांब लांब उभं केलं.

जेवणाच्या पंगतीत मी वाढत होते. बिशपसाहेबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, भाजी तिखट झाली. त्यांनी हळूच विचारलं, "त्या दुसऱ्या मुलीचं नाव काय म्हणाली ती?"

"रेश्मा," मी म्हणाले.

"रेश्मा," ते स्वतःशी म्हणाले, आणि जेवू लागले.

निघताना आवारात सगळे प्रार्थनेला उभे राहिले. बिशपसाहेबांनी मंडळीसाठी, पाळकांसाठी, पिकापाण्यासाठी प्रार्थना केली. मग जरा थांबले. "आणि रेश्मासाठी, आणि तिच्या आईसाठी. प्रभू, हे आम्हालाही समजत नाही." गाडीत बसताना त्यांनी आपला बरा कान चोळला आणि ते गेले.

नगर आम्हाला मिळालं नाही. ते त्या साक्षीमुळे की अजून कशामुळे, हे कधी कळलं नाही. यजमान काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी त्यांना पाटाच्या रस्त्यावरचं सगळं सांगितलं, आमच्या पहिल्या मुलाचंही सांगितलं. त्यांनी एक जुडी स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "त्या वर्षी मीही नुसता वाचत होतो उपासना. मला वाटायचं, तुला कळेल." आमच्या लग्नाला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती.

पंच कमिटीने मात्र कर्तव्य केलं. पाळकीणबाई मुलामुलींना कालव्यावर फिरवतात, त्यांच्या मनात नको ते भरतात, असा विषय आला आणि तरुण संघ माझ्याकडून काढून घेतला. तो मकासरे गुरुजींकडे दिला. गुरुजींनी शनिवारी सभा लावली. शनिवारी दुपारपासूनच मुलं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. कुणी शेंगा सोलायचं, कुणी ओट्यावर बसायचं. संघ माझ्याकडे होता तोवर मुलं नव्हती. आता मुलं होती आणि संघ नव्हता. यजमान दाराशी येऊन चपला मोजल्यासारखं करायचे आणि आत जाऊन पुस्तक उघडायचे.

असंच एका शनिवारी गुरुजी दारात उभे राहिले. मुलं चटकन उठली. सुवार्ताही होती. घरात बापलेकीचं बोलणं बंद होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"सलाम, पाळकीणबाई," ते म्हणाले. "सभेला कुणी आलं नाही. म्हटलं, कुठे असतील ते माहीत आहे."

मी त्यांना बसायला पाट दिला. ते बसले नाहीत. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, आणि चेहरा रात्री न झोपलेल्या माणसाचा. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते मात्र माझ्याकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाले, "ती रेश्मा वांबोरीची होती. मला ठाऊक आहे. त्यांच्या डब्यातलं मीही खाल्लेलं आहे." मग, "मी जाऊन येईन म्हणतो. हिला यायचं असेल तर. तुम्हीही चला. आम्हा दोघांना बोलायला कुणीतरी मधे लागतं."

आम्ही तिघे एसटीने वांबोरीला गेलो. बसमध्ये मी खरोखरच दोघांच्या मधे बसले होते.

रेश्माच्या आईचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं. त्यांनी गुरुजींना लगेच ओळखलं. "या मास्तर," म्हणाल्या, आणि कुणी काही बोलायच्या आत सुवार्ताचा हात हातात घेऊन दाबून बघू लागल्या, बांगडी भरणाऱ्या बायका बघतात तसा. पंजा कसा आहे, कोणतं माप लागेल. मग हिरव्या बांगड्या काढून एकेक चढवू लागल्या.

गुरुजींनी बरंच ठरवून आणलेलं असावं. ते सुरू झाले आणि थांबले. मग एवढंच म्हणाले, "त्या दिवशी आम्ही गाणं म्हणायला नको होतं."

"का?" त्या म्हणाल्या. "चांगलं होतं गाणं." बांगडी सुवार्ताच्या अंगठ्यापाशी अडली होती, ती त्यांनी हलकेच पुढे सरकवली. "आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे," सुवार्ता म्हणाली.

"चालते-फिरते?"

"हो."

"स्वयंपाक करते?"

"करते."

त्यांनी मान हलवली. "मी दोघींसाठी एकदमच मागायची. रोज. शेजारी शेजारी खाटा, वेगळं वेगळं कशाला मागायचं?" शेवटची बांगडी चढली. त्यांनी सुवार्ताचा हात सोडला नाही. "चला, म्हणजे माझं निम्मं तर ऐकलं."

गुरुजी वळले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. त्या बाईंनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मग त्यांनी आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, आणि रेश्मा लहानपणी किती खोडकर होती ते सांगत राहिल्या. सुवार्ता ऐकत होती, मधे मधे हसतही होती.

परत येताना स्टँडवर बस लागायची होती. बाकावर आम्ही तिघे. या खेपेला सुवार्ता मधे बसली होती. बराच वेळ ती हातातल्या बांगड्या फिरवत होती.

"मला वाटलं होतं, त्यांना भेटले की काहीतरी उलगडेल," ती म्हणाली. "आता तर आणखीच काही समजत नाही."

मी गुरुजींकडे पाहिलं. प्रश्नोत्तरीतला असा एकही प्रश्न नव्हता ज्याचं उत्तर त्यांना येत नव्हतं.

"मलाही नाही," गुरुजी म्हणाले, आणि लेकीच्या बाजूला थोडे सरकून बसले.